कोपरापासून क्रेनपर्यंत: मेकॅनिक्सच्या शाखा कशा शिकायच्या

मेकॅनिक्स शिकायचं म्हटलं की बरेच जण शाखांची यादी घेऊन बसतात. स्टॅटिक्स, डायनॅमिक्स, सॉलिड, फ्लुइड, मशीनचं वेगळं, शरीराचं वेगळं, मातीचं वेगळं, आणि प्रत्येकाचं जाडजूड पुस्तक बघून अर्ध्या वाटेतच हात टेकतात. माझं सरळ म्हणणं आहे की यादी बाजूला ठेवा. निदान न्यूटनच्या घरातल्या सगळ्या शाखांमध्ये काम एकच असतं, एक वस्तू निवडायची, ती आजूबाजूच्या सगळ्यापासून सुटी करायची, तिच्यावर कुठून कुठून बल येतंय ते मांडायचं आणि १६८७ साली न्यूटनने लिहून ठेवलेले तीन नियम लावायचे. फरक पडतो तो आपण त्या वस्तूबद्दल काय गृहीत धरतो यात. ती अजिबात वाकत नाही असं धरलं की एक शाखा, वाकते-ताणते धरलं की दुसरी, वाहते धरलं की तिसरी, आणि ती जिवंत आहे, भार बघून स्वतःला बदलते असं धरलं की बायोमेकॅनिक्स.

सुरुवात स्वतःच्या हातापासून करा, खरंच. कोपर काटकोनात वाकवा, तळहात वर, त्यावर ५ किलोचं वजन आहे असं धरा. आता कागदावर फक्त कोपरापासून पंजापर्यंतचा भाग काढा, दंड नाही, खांदा नाही, काहीच नाही. हा भाग जिथे जिथे दुसऱ्या कशाला चिकटलेला किंवा टेकलेला आहे तिथे कापायचं, आणि जिथे कापलं तिथे बाणाने बल दाखवायचं. यालाच फ्री बॉडी डायग्राम म्हणतात आणि मेकॅनिक्समधलं निम्मं यश या एका चित्रात असतं. हातातलं वजन खाली ओढतंय, ५ गुणिले ९.८ म्हणजे ४९ न्यूटन, कोपरापासून साधारण ३५ सेमीवर. हाताच्या त्या भागाचं स्वतःचं वजन दीड किलो धरा, म्हणजे १४.७ न्यूटन, तो भार १५ सेमीवर. वर ओढणारा बायसेप्स, म्हणजे दंडाचा पुढचा स्नायू, पण तो हाडाला चिकटतो कोपरापासून फक्त ४ सेमीच्या आसपास. आणि चौथं बल सांध्यात, दंडाचं हाड खाली दाबतंय ते, हे बहुतेक सगळे विसरतात.

आता मोमेंट घ्यायचे, म्हणजे प्रत्येक बल गुणिले टेकूपासूनचं त्याचं अंतर, बलाचा फिरवण्याचा जोर, पण कुठे घ्यायचे हे महत्त्वाचं. कोपरावरच घ्या, कारण सांध्यातलं बल आपल्याला माहीत नाही आणि ते कोपरातूनच जातं, त्यामुळे त्याचा मोमेंट शून्य होतो आणि एक अज्ञात आपोआप बाजूला पडतं. ४९ गुणिले ०.३५ म्हणजे १७.१५, १४.७ गुणिले ०.१५ म्हणजे २.२, बेरीज साधारण १९.३५ न्यूटन-मीटर. हे सगळं स्नायूने ०.०४ मीटरच्या टिचभर भुजेवर तोलायचं, म्हणजे १९.३५ भागिले ०.०४, जवळपास ४८४ न्यूटन. हातात ५ किलो आणि स्नायूत ४९ किलोच्या वजनाइतका ताण! (खरं तर बायसेप्स एकटा नसतो, त्याच्या खाली ब्रॅकियालिसही ओढत असतो, तेव्हा हा आकडा सगळ्यांचा मिळून समजा.) मग उभ्या दिशेच्या बलांची बेरीज शून्य करा, ४८४ वजा ४९ वजा १४.७, म्हणजे सांध्यात ४२० न्यूटनच्या आसपास दाब. शाळेत तरफेचे तीन प्रकार शिकवतात, त्यातला हा तिसरा, इथे बलात तोटा आहे पण अंतरात फायदा आहे, स्नायू १ सेमी आखडला की पंजा जवळजवळ ९ सेमी हलतो. स्नायूंना भारापेक्षा कितीतरी जास्त जोर लावावा लागतो ही गोष्ट इटलीच्या जोव्हान्नी बोरेल्लीने सतराव्या शतकातच मांडली होती, प्राण्यांच्या हालचालींवरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८०-८१ मध्ये छापला गेला.

हे जमलं की त्याच कागदावर शेजारी एक्स्कव्हेटरचा हात काढा. टेकू तोच, लांब हात तोच, टोकाला बकेट, आणि स्नायूच्या जागी हायड्रॉलिक सिलिंडर, तोही टेकूच्या जवळच बसवलेला. कारणही तेच, सिलिंडर थोडासा सरकला की बकेट लांबवर फिरली पाहिजे. त्याची किंमत म्हणून सिलिंडरला प्रचंड बल लावावं लागतं आणि ते तेलाच्या दाबातून मिळतं. १० सेमी आतल्या व्यासाचा सिलिंडर आणि २०० बार दाब धरा, पिस्टनचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेमी, बल निघतं साधारण १५७ किलोन्यूटन, म्हणजे १६ टन वजनाइतकं. एका चित्रात कोपर, दुसऱ्यात यंत्र, समीकरणं जशीच्या तशी. म्हणून मी म्हणतो शरीर आणि मशीन वेगवेगळे विषय समजून शिकू नका, जोडीने शिका.

स्टॅटिक्स, म्हणजे वस्तू स्थिर धरून केलेलं हे गणित, सोडण्याआधी अजून एक गणित नक्की करा, कारण यात आकडा बघून डोळे उघडतात. कंबरेचा उजवा सांधा दुखत असेल तर काठी कुठल्या हातात धरायची? बहुतेकांना वाटतं उजव्याच. आता ६० किलोचा माणूस उजव्या पायावर उभा आहे असं धरा, तो पाय वगळून वरचं वजन ५० किलो, ४९० न्यूटन, आणि ते सांध्यापासून साधारण १० सेमी आतल्या बाजूला पडतं. बाहेरच्या बाजूचे स्नायू ५ सेमीवर ओढतात, म्हणजे त्यांना दुप्पट, ९८० न्यूटन लावावे लागतात, आणि सांध्यावर दोन्हींची बेरीज, १४७० न्यूटन. आता डाव्या हातात काठी देऊन तिच्यावर फक्त ६० न्यूटन भार टाका. ती सांध्यापासून ४५ सेमी लांब आहे, तिचा मोमेंट २७ न्यूटन-मीटर, वजनाच्या ४९ मधून तो वजा केला की उरतात २२, म्हणजे स्नायूला आता फक्त ४४० न्यूटन लागतात. सांध्यावर ४९० वजा ६० अधिक ४४०, एकूण ८७०. सहा किलोच्या टेकण्याने सांध्यावरचा ६०० न्यूटन भार गेला. आकडे ढोबळ आहेत, स्नायू तिरका ओढतो वगैरे आपण सोडून दिलं, पण काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात का धरायला सांगतात ते यातून पक्कं कळतं.

पुढे कायनेमॅटिक्स, म्हणजे बल विसरा आणि फक्त हालचाल बघा. मशीनवाल्यांचं हे आवडतं क्षेत्र. इथे शिकायची पहिली गोष्ट म्हणजे डिग्री ऑफ फ्रीडम मोजणं, म्हणजे यंत्रणा किती स्वतंत्र प्रकारे हलू शकते ते. एका पातळीतल्या यंत्रणेसाठी नियम सोपा आहे, एकूण दांड्यांतून (जमीन धरून) १ वजा करा, ३ ने गुणा, त्यातून बिजागऱ्यांची दुप्पट वजा करा. चार दांड्या चार बिजागऱ्या, ९ वजा ८, उत्तर १, म्हणजे एक दांडी फिरवली की बाकी सगळ्यांची जागा ठरलेली. ही चार दांड्यांची यंत्रणा वायपरमध्ये सापडते, आणि गुडघ्यातसुद्धा, मांडीचं हाड, नडगीचं हाड आणि मधले दोन क्रूशिएट लिगामेंट (एकमेकांना छेदणारे, हाडं बांधून ठेवणारे पट्टे) मिळून बाजूने पाहिल्यास चार दांड्यांचं मॉडेल बनतं, आणि म्हणून गुडघ्याचा फिरण्याचा बिंदू एका जागी न राहता वाकताना सरकत जातो. साधी एक बिजागरी धरून गुडघ्याचं गणित केलं तर ते का चुकतं ते इथे समजतं.

डायनॅमिक्समध्ये बल आणि हालचाल एकत्र येतात. न्यूटनचा दुसरा नियम, ऊर्जा, संवेग हे तिन्ही रस्ते शिका आणि प्रश्न बघून रस्ता निवडा, धडक असेल तर संवेग, फक्त वेग विचारला असेल तर ऊर्जा, आणि क्षणाक्षणाचं बल हवं असेल तर दुसरा नियम. कंपनं म्हणजे व्हायब्रेशन हा भाग इथेच येतो आणि इथे एक गैरसमज काढून टाका. ७ नोव्हेंबर १९४० ला अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल वाऱ्यात पिळवटून पडला, तो साध्या रेझोनन्समुळे (बाहेरचा ताल आणि वस्तूचा स्वतःचा ताल जुळून झोके वाढत गेल्यामुळे) पडला असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं. पण वारा काही ठरावीक तालात ढकलत नव्हता. पुलाच्या स्वतःच्या पिळण्यामुळेच हवेचं बल बदलत होतं आणि ते बदललेलं बल पिळणं अजून वाढवत होतं, याला फ्लटर म्हणतात. म्हणजे पूल आणि हवा दोघांना एकत्र घेतल्याशिवाय हा प्रश्न सुटतच नाही.

आता माझ्या मते सगळ्यात श्रीमंत भाग, सॉलिड मेकॅनिक्स, म्हणजे वस्तू वाकते, ताणते, तुटते. इथे आपण वस्तू बाहेरून सुटी करून थांबत नाही, ती आतूनही कापतो आणि कापलेल्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला किती बल येतं ते विचारतो, तो स्ट्रेस. लांबीत किती टक्के फरक पडला तो स्ट्रेन. दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे यंग्ज मॉड्युलस, मटेरियल किती ताठ आहे त्याचं माप. चार आकडे डोक्यात ठेवा: स्टील सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियम ११०, ॲल्युमिनियम ७०, आणि लांब हाडाचं घट्ट बाहेरचं कवच १५ ते २०. आता यातून काय होतं बघा. हाडाच्या पोकळीत धातूचा रॉड किंवा कृत्रिम सांध्याची दांडी बसवली तर दोघांवर एकत्र भार येतो, पण जो ताठ तोच जास्त भार घेतो, म्हणजे धातू. हाडावर भार कमी आला. इमारतीच्या खांबाचं असं झालं असतं तर चांगलंच म्हटलं असतं, पण हाड जिवंत आहे, १८९२ मध्ये युलियस वोल्फने मांडलं तसं ते भाराप्रमाणे स्वतःची बांधणी बदलतं, भार गेला की विरळ होतं. म्हणून मजबुतीसाठी टाकलेली दांडीच आजूबाजूचं हाड कमकुवत करू शकते, आणि म्हणून तिथे स्टीलपेक्षा टायटॅनियमकडे ओढा असतो. मशीनचं डिझाइन जाणणाऱ्याने शरीरात काम करायचं तर हा एक मुद्दा आधी शिकावा.

फटीगचंही, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन थकून तुटण्याचंही, तसंच. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट व्होलरने रेल्वेच्या ॲक्सलवर प्रयोग केले आणि दाखवलं की एका वेळी सहज पेलणारा भार लाखो वेळा आलटून पालटून दिला तर धातू तुटतो. धावपटूंना होणारं स्ट्रेस फ्रॅक्चर याच जातीचं, फक्त हाड मधल्या वेळात दुरुस्ती करतं, आणि दुरुस्तीपेक्षा नुकसान वेगाने झालं की तडा जातो. ॲक्सलला विश्रांती देऊन काही उपयोग नाही, हाडाला आहे.

आकाराचा नियम मात्र दोघांनाही सारखाच लागू. वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली की क्षेत्रफळ ४ पट, वजन ८ पट, म्हणजे स्ट्रेस दुप्पट, हे गॅलिलिओने १६३८ मध्येच लिहिलंय. हत्तीची हाडं प्रमाणाने जाड का आणि छोटं मॉडेल टिकलं म्हणून मोठी क्रेन टिकेलच असं का नाही, दोन्हीचं उत्तर इथे.

फ्लुइड मेकॅनिक्सला घाबरू नका, पण सुरुवात बर्नुलीच्या समीकरणापासून (वेग आणि दाब यांचं नातं) न करता घट्टपणा म्हणजे व्हिस्कॉसिटीपासून करा. प्वाझ्यी नावाच्या फ्रेंच डॉक्टरला रक्तप्रवाहात रस होता, त्याने १८४० च्या सुमारास बारीक नळ्यांवर प्रयोग केले आणि निघालं की तेवढ्याच दाबाला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळावा हिस्सा. रक्तवाहिनी असो की मशीनमधली तेलाची नळी. फक्त हा नियम शांत, थराथराने वाहणाऱ्या प्रवाहाचा आहे, म्हणून आधी रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहाचा जोर त्याच्या घट्टपणापेक्षा किती पट ते सांगणारा आकडा) काढा, गोल पाइपमध्ये तो २३०० च्या आसपास गेला की प्रवाह खळखळायला लागतो आणि मग हे सूत्र वापरायचं नाही.

बाकीच्या शाखा गरज पडेल तशा घ्या. सॉइल मेकॅनिक्समध्ये दाणे आणि त्यांच्यामधल्या पाण्याचा दाब वेगळा करायला शिका, ट्रायबॉलॉजीत घर्षण, झीज आणि वंगण (यात गुडघ्यातलं कार्टिलेज, म्हणजे कूर्चा, अजूनही भल्याभल्या बेअरिंगच्या तोडीचं आहे), आणि क्वांटम मेकॅनिक्स ही वेगळीच वाट आहे, अणूच्या पातळीवर न्यूटनचे नियम पुरत नाहीत म्हणून, तिला नंतरच हात घाला.

गणित किती लागतं? स्टॅटिक्सला व्हेक्टर आणि त्रिकोणमिती पुरते, डायनॅमिक्सला कॅल्क्युलस, कंपनं आणि फ्लुइडला डिफरेन्शियल इक्वेशन. आधी सगळं गणित संपवून मग मेकॅनिक्स असं करू नका, बरोबरीने चालू ठेवा. सोबत मोबाइलवर कुणाचा तरी उडी मारतानाचा स्लो मोशन व्हिडिओ काढा, बाजूने, कॅमेरा स्थिर ठेवून, फ्रेममध्ये एक माहीत लांबीची पट्टी ठेवून, आणि ट्रॅकर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कंबरेवरचा बिंदू फ्रेमगणिक टिपा. हवेत असताना त्याचं त्वरण ९.८ च्या आसपास यायला हवं, नाही आलं तर पट्टी शरीराच्या पातळीत नव्हती किंवा फ्रेम रेट चुकीचा टाकलाय, ते आधी दुरुस्त करा.

फिनिट एलिमेंटचं सॉफ्टवेअर, म्हणजे वस्तूची छोट्या तुकड्यांची जाळी करून स्ट्रेस काढणारं, सगळ्यात शेवटी उघडा. रंगीत चित्र कुठलाही आकडा टाकला तरी येतं, तेच धोक्याचं आहे. चित्र आलं की आधी आधारांवरच्या सगळ्या प्रतिक्रिया बलांची बेरीज करा, ती लावलेल्या भाराइतकीच आली पाहिजे. मग मिलीमीटर आणि मीटरची सरमिसळ झाली नाही ना ते बघा, मग जाळी दुप्पट बारीक करून उत्तर किती हलतं ते बघा. टोकदार आतल्या कोपऱ्यात जाळी बारीक करत जाल तसा स्ट्रेस वाढतच जाईल, तो आकडा धरून बसू नका, तिथे खऱ्या भागाला असते तशी गोलाई द्या आणि पुन्हा चालवा.