पॅराबोलाचा व्हर्टेक्स: माझा दोन तीनदा चुकला

२०१६ चा उन्हाळा. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येत होती आणि मी रूमवर टँकरची वाट बघत सीईटीचे सराव पेपर सोडवत होतो. एका पेपरात प्रश्न होता: उभ्या अक्षाचा पॅराबोला (यू आकाराचा वक्र) (०, ५), (१, ०) आणि (४, −३) मधून जातो, व्हर्टेक्स (वक्र वळतो ते अक्षावरचं टोक) काढा. मी पहिला आणि शेवटचा बिंदू घेतला, मध्य काढला, एक्स = २ वर टिक मारली. चूक. असल्या प्रश्नाला पुढच्या दोन पेपरांतही तेच केलं.

क्लासची ट्रिक होती, ‘दोन बिंदूंचा मध्य म्हणजे व्हर्टेक्सचा एक्स.’ अर्धीच सांगितलेली. दोन्ही बिंदूंचा वाय सारखा असेल तरच ती चालते! मेसवरच्या हिंगोलीच्या सीनियरनं वहीच्या पुठ्ठ्यावर आकृती काढली. “एक पाच वर, दुसरा तीन खाली. यांचा मध्य अक्षावर कामून पडंल?” अक्षापासून सारख्या अंतरावर असतात ते सारख्या उंचीचे बिंदू, बाकीचे नाहीत.

मग सरळ रस्ता. वाय = एएक्स² + बीएक्स + सी. पहिल्या बिंदूवरून सी = ५. उरलेल्या दोनांवरून ए + बी = −५ आणि (४ नं भागून) ४ए + बी = −२. वजा करा: ए = १, बी = −६. एक्स = −बी/२ए = ३. इथं बी आधीच उणे आहे, चिन्ह सांभाळा. ३ ठेवला की वाय = ९ − १८ + ५ = −४. व्हर्टेक्स (३, −४).

आता माझा चुकलेला २ त्याच समीकरणात ठेवून बघा. वाय येतो −३. म्हणजे (२, −३) हा (४, −३) चा जोडीदार निघाला, आणि त्या दोघांचा मध्य बरोबर ३! हे दिसलं तेव्हा टँकर येऊन गेला होता. बादल्या रिकाम्याच.

‘का विचारू नका, टिक मारा’ म्हणणारे सर असतील तर बॅच बदला, फी गेली तरी. सीईटीत निगेटिव्ह नाही म्हणून खपतं, जेईईत एक मार्क कापतात. मराठी माध्यमातून आला असाल तर घाबरू नका; व्हर्टेक्स म्हणजे आपला शिरोबिंदूच, आठवड्यात सवय होते.

आणि पॅराबोला आडवा असला, म्हणजे वर्ग वायचा, तर वाय नाही, एक्स सारखे असलेले बिंदू शोधा. मध्य तेव्हा व्हर्टेक्सचा वाय देतो.