लँडिंग गिअर: शिकाऊ पोरांनो, या चुका टाळा

तासगाव, मिरज, पलूसकडची मुलं विमान देखभालीच्या परीक्षेसाठी माझ्याकडे सांगलीत विश्रामबागला येतात. लँडिंग गिअर म्हणजे विमानाची चाकं आणि ती आत-बाहेर करणारी यंत्रणा. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, चाकं उघडलीच नाहीत तर पायलट काय करतो?" पायलटचं पायलट बघेल. तुमच्या हातून काय राहून जातं ते आधी बघू.

"सेन्सरच असेल"

चाकं उघडून पक्की बसली की कॉकपिटमध्ये तीन हिरवे दिवे लागतात. त्यातला एक उशिरा लागला की पहिला आळ दिव्याला खबर देणाऱ्या सेन्सरवर. पुष्कळदा दोष त्याचाच निघतो, म्हणून तर ही खोड जात नाही. मी नोकरीत असताना ऐन पावसाळ्यात एका एटीआर-७२च्या (पंख्यांवर चालणारं प्रवासी विमान) डाव्या चाकाचा दिवा रेंगाळायला लागला. रात्रपाळीच्या पोरानं सेन्सर बदलला, कनेक्टर पुसला, दिवा हिरवा दिसला आणि टेक लॉगमध्ये (विमानाच्या तक्रारींच्या वहीत) 'तपासलं, ठीक' लिहून गडी मोकळा. अरे, विमान चाकांवर उभं असताना दिवा हिरवाच दिसणार की! दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार. मग विमान जॅकवर चढवलं आणि चाकं आत-बाहेर करून पाहिली. आत घेतलेलं चाक हुकानं धरून ठेवणाऱ्या अपलॉकच्या रोलरवर जुनं ग्रीस धुळीत मिसळून इतकं कडक झालं होतं की नखानं त्याची कपची निघाली. हूक सुटायला वेळ घेत होता. नवा सेन्सर आणि जुना सेन्सर, दोघंही खरंच सांगत होते.

यात भीतीची गोष्ट वेगळीच आहे. एटीआरमध्ये हायड्रॉलिक गेलं तर आणीबाणीचा लिव्हर ओढून हेच हूक सोडवतात आणि चाकं स्वतःच्या वजनानं खाली येतात. हूकच अडला तर तो लिव्हर काय करणार?

माझी पद्धत साधी: आधी टॉर्च आणि चिंधी, मल्टिमीटर नंतर. तीच तक्रार दुसऱ्यांदा आली की जॅकशिवाय बोलायचं नाही. "विमान सकाळी सोडायचंय" हे कारण मला कुणी सांगू नये.

प्रेशर पंपानं धुणं

उसाचा ट्रॅक्टर धुवावा तसा गिअरवर पंप मारणारे महाभाग मी पाहिलेत. दिसायला चकाचक होतं, पण सांध्यातलं ग्रीस निघून जातं आणि पाणी आत बसतं. धुतल्यावर परत ग्रीस भरायचं असतं, ते करायला कुणाला वेळ नसतो.

गंज काय करतो ते बघा. सप्टेंबर २००७मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सच्या दोन क्यू-४०० विमानांचं (हीसुद्धा पंख्यांचीच) उजवं मुख्य चाक ९ तारखेला डेन्मार्कमध्ये आल्बोर्गला आणि १२ तारखेला लिथुआनियात विल्नियसला उतरताना कोलमडलं. चाक आत-बाहेर ढकलणाऱ्या ॲक्च्युएटरच्या रॉडचे आटे आतून गंजले होते, बाहेरून काही कळत नव्हतं. आल्बोर्गला जमिनीला घासून तुटलेल्या प्रोपेलरचा तुकडा केबिनमध्ये घुसला. पंख वर आणि पंखे प्रवाशांच्या खिडकीशेजारी, अशा विमानात चाक कोलमडलं की धोका तिथूनच येतो. म्हणून अशा वेळी त्या रांगेतली माणसं आधी हलवतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोपनहेगनला तिसऱ्या क्यू-४००चं चाक नीट उघडलंच नाही, तिथं मात्र गंज नव्हता. एक सुटी ओ-रिंग (सीलची गोल रबरी कडी) हायड्रॉलिक तेलाच्या वाटेत अडकली होती. सील बदलल्यावर जुनं कुठं गेलं ते मोजायचं, ते यासाठी.

बोल्ट 'नंतर लावू'

मार्च २००७, कोची (जपानमधलं, केरळचं नव्हे). एक बोल्ट नव्हता म्हणून पुढच्या चाकाचं दार अडकलं आणि विमान नाकावर उतरवावं लागलं. सगळे वाचले.

दिव्यात अडकणं

हे पायलट व्हायचंय त्यांच्यासाठी. १९७२मध्ये अमेरिकेत ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान पुढच्या चाकाच्या जळालेल्या बल्बकडे सगळे बघत असताना दलदलीत कोसळलं. १९७८मध्ये तिथंच पोर्टलंडला युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाचं इंधन चाकाचा विचार करता करता संपलं. ही दोन्ही जेट होती, पण खोड तीच. एटीआरला इंधन हवेत सोडता येत नाही, घिरट्या घालूनच जाळावं लागतं. तेव्हा एकानं फक्त विमान उडवायचं आणि घड्याळ बघायचं.

पिना

जमिनीवर चाकं मिटू नयेत म्हणून लावलेली लाल फितीची पिन गिअरमध्ये तशीच राहिली तर चाकं आत जात नाहीत आणि भरलेलं विमान परत येतं. पिना काढून मोजा, हातात धरून पायलटला दाखवा, मगच बाजूला व्हा. खिशात टाकून "काढल्यात" म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.