मतमोजणीच्या टेबलावर: कागदाची राखण वेगळी, यंत्राची वेगळी

कागदी मतपत्रिका की मतदान यंत्र, हा वाद २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकांकडे परतण्याची मागणी फेटाळल्यानंतरही मिटलेला नाही. उमेदवाराचा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून टेबलापाशी बसणाऱ्याला मात्र तो मिटण्याची वाट पाहता येत नाही, कारण लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या मोजणीत त्याच्यापुढे दोन्ही प्रकारची मते येतात: टपाली मते कागदावरची आणि बाकीची यंत्रातली. कागदावरच्या मताचे भवितव्य मोजणीच्या टेबलावर ठरते, तर यंत्रातल्या मतांची राखण मतदानाच्या दिवशी, केंद्र बंद होतानाच करावी लागते. तेव्हा ज्याने ती केली नाही, त्याला मोजणीच्या दिवशी पडद्यावरचे आकडे उतरवून घेण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

म्हणून तयारी मतदान केंद्रापासून सुरू करावी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७-सी चा पहिला भाग भरतात. त्यात कंट्रोल युनिटचा, म्हणजे यंत्राच्या मते साठवणाऱ्या भागाचा क्रमांक, मतदार नोंदवहीनुसार मतदानाला आलेल्यांची संख्या, यंत्रात नोंदली गेलेली एकूण मते आणि वापरलेल्या कागदी मोहोरांचे क्रमांक असतात. याची प्रत हजर असलेल्या मतदान प्रतिनिधीला मिळते, पण दिवसभर बसून कंटाळलेला प्रतिनिधी नेमक्या याच वेळी घरी निघालेला असतो. त्याला थांबायला आधीच बजावून ठेवावे, आणि सर्व केंद्रांच्या प्रती गोळा करून केंद्र क्रमांकानुसार लावाव्यात. मोजणीच्या दिवशी कोणते केंद्र कोणत्या टेबलावर येणार याचा क्रम कळला, की त्या त्या टेबलावरच्या प्रतिनिधीकडे त्याच प्रती द्याव्यात. प्रतिनिधींची नेमणूक नमुना १८ वर होते; विधानसभेच्या एका मतदारसंघाला सर्वसाधारणपणे १४ टेबले असतात आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचे टेबल वेगळे असते. त्या टेबलावर सगळ्यांत अनुभवी माणूस बसवावा, कारण टपाली मते तिथे मोजली जातात.

टपाली मतांच्या बाबतीत आधी पाकीट आणि मग मत, हा क्रम लक्षात ठेवावा. बाहेरचे पाकीट उघडल्यावर मतदाराचे घोषणापत्र तपासतात. ते नसेल, त्यावर सही किंवा साक्षांकन नसेल, अथवा त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक आतल्या पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर आतले पाकीट न उघडताच ते मत बाद होते. पुढे मतपत्रिका उघडल्यावर कोणालाच मत नसणे, एकाहून अधिक उमेदवारांना मत असणे किंवा मतदाराची ओळख पटेल अशी खूण असणे, ही बाद करण्याची कारणे ठरतात. येथे प्रतिनिधीने प्रत्येक कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, हरकत शांतपणे पण ताबडतोब घ्यावी आणि बाद मतांची संख्या कारणांसह टिपून ठेवावी. विजयाचे अंतर मोजणीत बाद ठरलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर निकाल जाहीर करण्यापूर्वी ती सर्व मते पुन्हा तपासावी लागतात. त्या वेळी आपली टिपणे कामी येतात.

टपाली मोजणी सुरू झाल्यानंतर अर्ध्या तासाने यंत्रांची मोजणी सुरू होते. टेबलावर फक्त कंट्रोल युनिट येते. निकालाचे बटण दाबण्यापूर्वी त्याचा क्रमांक आणि मोहोरांचे क्रमांक आपल्या १७-सी शी ताडून पाहावेत आणि मोहोर फाटलेली नाही याची खात्री करावी. त्यानंतर एकूण मतांचा आकडा जुळतो का हे आधी बघावे. उमेदवारनिहाय मते त्याच्यानंतर. उमेदवारांची आणि ‘नोटा’ची मते मिळून ही बेरीज आलीच पाहिजे. आकडा नीट दिसला नाही, तर पुन्हा दाखवण्याची विनंती संकोच न करता करावी. एकूण आकडाच जुळत नसेल, तर ते यंत्र बाजूला ठेवण्याची मागणी जागच्या जागी करावी. माझ्या मते यंत्राच्या मोजणीत चूक होण्याचा संभव सर्वाधिक असतो तो आकडा टेबलावरून मुख्य तक्त्यात जाताना; म्हणून प्रत्येक फेरीनंतर आपली बेरीज जाहीर झालेल्या बेरजेशी ताडून पाहणारा एक माणूस स्वतंत्र ठेवावा.

पडद्यावर निकाल न दाखवणारी यंत्रेही बाजूला ठेवली जातात, आणि विजयाचे अंतर अशा केंद्रांवरच्या एकूण मतांपेक्षा कमी असेल तर त्यांच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेले ते कागदावर छापणाऱ्या जोडयंत्राच्या पट्ट्या मोजाव्या लागतात. याखेरीज २०१९ पासून विधानसभेच्या प्रत्येक क्षेत्रातली ५ केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि त्यांच्या पट्ट्या मोजून यंत्राशी ताडतात. चिठ्ठ्या काढताना हजर राहावे. पट्ट्यांच्या बाबतीत यंत्र सुरू होताना छापलेल्या स्वयंतपासणीच्या पट्ट्या मतांत धरल्या जात नाहीत ना, एवढे मुख्यतः पाहावे, कारण त्यांच्यामुळे विनाकारण गोंधळ उडतो.

फेरमोजणीसाठी वेळ फार थोडा असतो. एकूण मते जाहीर झाल्यावर उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने कारणे देऊन लेखी अर्ज करायचा असतो, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी निकालपत्रकावर सही केल्यानंतर तो घेतला जात नाही. पट्ट्या मोजण्याचा अर्जही याच टप्प्यावर लेखी करावा लागतो. अर्जाचा मसुदा आदल्या रात्रीच तयार ठेवून केंद्र क्रमांक व आकडे यांच्या जागा तेवढ्या कोऱ्या सोडाव्यात.

निकालानंतरही एक वाट उरते. २०२४ च्या त्याच निवाड्यानुसार दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावरच्या उमेदवाराला ७ दिवसांच्या आत लेखी मागणी करून आणि खर्च भरून, विधानसभेच्या प्रत्येक क्षेत्रातल्या ५ टक्के यंत्रांमधील मायक्रोकंट्रोलर (यंत्र चालवणारी चिप) तपासून घेता येतात. फेरफार आढळल्यास खर्च परत मिळतो. मात्र कोणती यंत्रे तपासायची ते केंद्र क्रमांक किंवा यंत्राचा क्रमांक देऊन उमेदवारालाच सांगावे लागते, आणि त्या दिवशी तो क्रमांक शोधायचा झाला तर मतदानाच्या संध्याकाळी घेतलेल्या १७-सी च्या प्रतीच पुन्हा काढाव्या लागतात.