ठोसा दिसतो, पण लागत नाही? फाइट सीनचं एडिटिंग

रशेस, म्हणजे शूट केलेलं कच्चं फुटेज, एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकण्याआधी ठरवा, प्रेक्षकानं ही मारामारी कोणाच्या बाजूनं बघायची. मारणाऱ्याच्या बाजूनं बघितली तर जोश चढतो, मार खाणाऱ्याच्या बाजूनं बघितली तर पोटात गोळा येतो. शॉट तेच असतात. कोणाच्या चेहऱ्यावर किती थांबलात, त्यावर सगळं ठरतं.

रफ कट, म्हणजे शॉटची पहिली कच्ची जोडणी, म्युझिकशिवायच लावा. म्युझिक घातलं की ढिसाळ कटही खपून जातो. सुरुवातीचा वाइड शॉट दोन-तीन सेकंद राहू द्या: कोण कुठे उभा आहे, दार कुठे आहे, काठी कुठे पडली आहे. हे कळलं नाही तर पुढचे क्लोजअप म्हणजे नुसती धांदल.

आता ठोसा. हात निघाला की लागण्याआधीच कट करा आणि दुसऱ्या अँगलमध्ये हात चेहऱ्याजवळ आलेला असताना आत या. सेकंदाला २४ फ्रेम (सुटी स्थिर चित्रं) धरल्या तर मधल्या दोन-तीन फ्रेम उडवून ठोसा वेगवान होतो. हाँगकाँगच्या ॲक्शनपटांत याच्या उलटही करत आले आहेत: दुसरा अँगल दोन-तीन फ्रेम आधीपासून सुरू करायचा. तोच फटका किंचित दोनदा दिसतो आणि जड वाटतो. पण हे एखाद्या निर्णायक फटक्यालाच करा. दर ठोशाला केलंत तर सीन अडखळतो. हात आणि गाल यांच्यामधली फट दिसत असेल, तर वेगवान कटिंगनं ती झाकायच्या भानगडीत पडू नका, दुसरा टेक शोधा.

घाई होते ती फटक्यानंतर. रिअ‍ॅक्शन सहा-आठ फ्रेमच ठेवलीत तर फक्त झटका कळतो. २५-३० फ्रेम दिल्यात तर मार खाणाऱ्याच्या चेहऱ्यावरची लाज, भीती, अविश्वास वाचता येतो. कोपऱ्यात उभ्या असलेल्या कोणाचा, समजा त्याच्या लहान भावाचा, शॉट असेल तर तो एकदाच, सगळ्यात वाईट फटक्यानंतर वापरा.

आवाजाचंही तसंच. त्या फटक्याआधी चार-पाच फ्रेम आजूबाजूचा आवाज बंद करा, मग हलका ‘धप्प’सुद्धा पुरतो. सगळेच ठोसे ‘ढिशूम’ वाजले तर एकही लक्षात राहत नाही.

माणसं दमतात, तसे शॉटही लांबवत न्या. सुरुवातीला अर्ध्या-पाऊण सेकंदाचे असतील, तर शेवटी तीन-चार सेकंदांचे, धापा ऐकू येतील इतके. शेवटी आवाज बंद करून सीन एकदा पाहा. कोण हरतंय ते कळलं नाही, तर मधे कुठेतरी वाइड शॉट परत आणावा लागेल.