गावात पर्यटन आणताय? मुंबईत बसून या चुका करू नका

मे महिन्यात गावी जाऊन आलं की लालबाग-परळच्या ग्रामस्थ मंडळांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. "आपल्याकडे खाडी आहे, देवराई आहे, मग पर्यटन का नाही?" आमच्याही मंडळात निघाला. वर्गणी काढून एक बंद घर दुरुस्त केलं आणि बुकिंगचा फोन डोंबिवलीच्या एका पुतण्याकडे दिला. पहिल्याच ग्रुपला त्याने 28 जणांचं बुकिंग घेतलं, पण वाडीत रेंज नसल्याने निरोप पोचलाच नाही. रात्री साडेनऊला बस येऊन उभी राहिली तेव्हा पाहुण्यांचं जेवण बघणाऱ्या काकी चूल विझवून झोपायच्या तयारीत होत्या. त्या रात्री अख्ख्या वाडीने आपापल्या घरचं तांदळाचं पीठ आणून घावणे घातले. पाहुणे खूश होऊन गेले, काकी मात्र आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट: किती माणसं झेपतील हे गावात ठरू द्या, आणि बुकिंगची वही गावातच ठेवा. मुंबईकराने फार तर चौकशीचे फोन घ्यावेत.

दुसरी चूक पाण्याची, आणि बैठकीत ती कोणाला सुचत नाही, कारण आपल्या डोळ्यासमोर असतो गणपतीतला हिरवागार गाव. पाहुणे येतात एप्रिल-मेमध्ये, नेमके विहिरीचे कठडे धरून खाली वाकून बघायचे दिवस. जलजीवन मिशनने खेड्यात माणशी दिवसाला 55 लिटर पाणी धरलंय. शहरातला हिशेब 135 लिटरचा. मुंबईचे 30 पाहुणे मुंबईच्या सवयीने वागले तर दिवसाला 4,050 लिटर, म्हणजे गावातल्या 73 माणसांचं पाणी. शॉवर काढा, बादली-तांब्या ठेवा आणि का ठेवला ते पाहुण्यांना आधीच सांगा. लोक समजून घेतात. संडास मात्र स्वच्छ आणि कमोडचा हवा, तिथे काटकसर नको.

तिसरी चूक सर्वांत महाग पडते: सगळे पाहुणे एकाच घरात. मग बाकीच्या वाडीला मिळतो फक्त गाड्यांचा धुरळा आणि रात्रीचा स्पीकर. पुढच्या वर्षी कोणीतरी पाणंदीत दगड टाकून ठेवतो आणि आपण म्हणतो, गावकऱ्यांना विकास नको! मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन तिथे समुद्री कासवांची अंडी राखायचं काम केलं, त्यातून 2006 साली कासव महोत्सव सुरू झाला आणि बघायला येणारे लोक गावातल्या घरांमध्येच राहू लागले. वाळूतली अंडी शाबूत राहण्यात घराघराचा फायदा आहे. तुमच्याकडे कासवं नसतील, पण पाळी लावता येईल: या खेपेला या चार घरी, पुढच्या खेपेला त्या चार.

जेवणात पनीर नको. सावंतवाडी असो की संगमेश्वर, पनीर शहरातून येतं आणि पैसे तिकडेच जातात. कुळथाची पिठी, फणसाची भाजी, आंबोळी यांचं सामान वाडीतच मिळतं. आमच्याकडे पाहुण्यांनी सर्वांत जास्त मागितलं काय, तर भाजलेल्या काजूबिया.

कागदांचं थोडक्यात. घर पडवीसकट सुंदर असतं, पण उताऱ्यावर सतरा नावं असतात आणि त्यातली पाच विरारला. कमाई सुरू झाल्यावर भाऊबंदकी उठते, म्हणून सर्वांची लेखी संमती खर्चाआधी घ्या. शेती असेल तर राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयात नोंदणी करता येते, त्यासाठी किमान एक एकर शेती लागते.

आणि खळं, म्हणजे घरापुढचं अंगण. आम्ही सारवलेल्या खळ्यावर टाइल्स बसवल्या, दादरच्या दुकानातून निवडून, मोठ्या हौसेने. पावसात त्यावरून घसरून पहिला पाहुणा पडला. सध्या आम्ही त्या काढतोय. काकींनी शेण आणायला आम्हालाच पाठवलं.