हातानं घडवलेली काच: मांडायची कशी, विकायची कशी

काचकाम विकायला बसलं की दोन अडचणी इतर हस्तकलांपेक्षा जास्त जाणवतात. प्रकाश बरोबर नसेल तर काच दिसतच नाही, आणि फुटेल या धास्तीनं लोक तिला हात लावत नाहीत. जागा बघण्यापासून खोका बांधून देण्यापर्यंतचे बहुतेक निर्णय या दोन गोष्टींकडे बघूनच घ्यावे लागतात.

आधी वस्तू तपासा

प्रत्येक कडेवरून नायलॉनचा जुना, पातळ मोजा फिरवा. धागा अडकला तर तिथे बोटही कापेल. ती कड घासायला १२० ग्रिटच्या हिऱ्याच्या पॅडनं सुरुवात करा, मग २२० आणि ४०० (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितकं पॅड बारीक). पॅड आणि काच सतत ओली ठेवा. कोरडं घासलं तर काचेची पूड हवेत उडून श्वासात जाते, शिवाय पॅडही लवकर निकामी होतं.

भट्टीत वितळवून जोडलेल्या कामात दडलेला ताण साध्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पोलरायझिंग फिल्मचे, म्हणजे एकाच दिशेच्या प्रकाशलहरी आरपार जाऊ देणाऱ्या पातळ पडद्याचे, दोन तुकडे लागतात. एक दिव्यावर ठेवा, दुसरा वर धरून अंधार होईपर्यंत फिरवा आणि वस्तू दोघांच्या मध्ये धरा. रंगाच्या तुकड्याभोवती उजळ कडं दिसलं तर तिथे ताण आहे. एकतर ९० आणि ९६ प्रसरण गुणांकाच्या, म्हणजे उष्णतेनं कमी-जास्त फुगणाऱ्या, काचा एकत्र आल्या आहेत किंवा भट्टी फार लवकर थंड झाली आहे. वस्तू पूर्ण थंड झाल्यावरच ही तपासणी करा, कारण कोमट काचेत तात्पुरता ताण दिसतोच. अपारदर्शक काचेवर काहीच कळत नाही. म्हणून तिचा लहान तुकडा पारदर्शक पट्टीवर वितळवून ती पट्टी तपासायची. ताण असलेली वस्तू आज शाबूत दिसली तरी गिऱ्हाइकाच्या घरी तडकू शकते. ती विकायला नेऊच नका.

लटकनांच्या बाबतीत तक्रार येते ती बहुधा मागची धातूची कडी निखळल्याची. काच आणि धातू दोन्ही घासून खरखरीत करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, बोट न लावता चिकटवा आणि पुरते तीन दिवस हलवू नका. अतिनील किरणांनी घट्ट होणारा गोंद अपारदर्शक काचेखाली सुकत नाही, कारण किरण तिथवर पोचतच नाहीत. त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे भट्टीत ठेवतानाच दोन थरांमध्ये फायबर पेपरची (भट्टीत न जळणाऱ्या तंतूंच्या कागदाची) पट्टी घालून दोरीसाठी आरपार भोक राखणं. मग गोंदाचा प्रश्नच उरत नाही.

शिशाच्या पट्ट्यांचं किंवा डाख दिलेलं काम असेल तर फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून आधी लावतात ते रसायन) साबणाच्या पाण्यानं पूर्ण धुऊन काढा. राहिला तर काही आठवड्यांत सांध्यांवर पांढरी भुकटी येते. शेवटी मेणाचा हात द्या आणि पाटीवर शिसं असल्याचं स्पष्ट लिहा.

जागा बघायला कधी जायचं

प्रदर्शन ज्या वेळी उघडं असेल त्याच वेळी जा. सकाळी सुरेख दिसणारी खिडकी संध्याकाळी उपयोगाची नसते: बाहेर अंधार पडला की खिडकीत टांगलेलं रंगीत काचेचं चित्र आतून काळं ठिक्कर दिसतं. उद्घाटन संध्याकाळी असेल तर मागून दिवा लावायची सोय आहे का, हे आधीच विचारा.

कॅफेच्या भिंतीवर काम लावायला मिळतं, पण तिथे वाफ आणि तेलकट थर बसतो, आणि विक्रीच्या वेळी वस्तू भिंतीवरून उतरवून द्यायला अनेकदा कुणी मोकळं नसतं. ग्रंथालयातलं कुलूपबंद काचेचं कपाट लहान, नाजूक वस्तूंना उत्तम. मात्र हात लावता येत नसल्यानं तिथे विक्री कमी आणि ओळख जास्त होते. हस्तकलेच्या बाजारात याच्या नेमकं उलट. नवख्या माणसानं तिथूनच सुरुवात करावी, कारण लोक काय उचलून बघतात आणि काय परत ठेवतात हे समोरासमोर कळतं.

प्रकाश

पारदर्शक काचेला मागून प्रकाश हवा, अपारदर्शक काचेला पुढून. सगळ्यावर एकच दिवा मारला की अर्धं काम मेल्यासारखं दिसतं.

मागून उजळणारी पेटी घरी करता येते. दुधी अॅक्रिलिकच्या पत्र्यामागे एलईडी पट्ट्या लावा. पट्ट्यांमध्ये ५ सेंमी अंतर असेल तर पत्राही त्यांच्यापासून किमान ५ सेंमी दूर हवा, नाहीतर दिव्यांचे ठिपके काचेतून दिसतात. पुढून येणारा प्रकाश वरून साधारण ३० अंशांत तिरका टाका. समोरून टाकला तर बघणाऱ्याच्या डोळ्यांत चमक जाते आणि रंग दिसत नाही.

दिव्यांचा रंग सुमारे ४००० केल्विन ठेवा. २७०० वर पिवळे-तांबडे रंग खुलतात पण निळा मरगळतो, ६५०० वर नेमकं उलटं होतं. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप, कमाल १००) ९० किंवा त्याहून जास्त असलेले दिवे घ्या. आणखी एक: निओडिमियम असलेली जांभळट काच ट्यूबलाइटखाली निळसर दिसते. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा. घरी गेल्यावर रंग बदललेला पाहून फसवल्यासारखं वाटण्यापेक्षा गाळ्यावरच मोबाइलचा दिवा लावून फरक दाखवलेला चांगला. अनेकजण त्याच गमतीसाठी ती वस्तू घेतात.

मागे काळं कापड बहुतेकजण लावतात आणि पारदर्शक काचेचा घात करतात. काळं कापड फक्त डायक्रोइक काचेला, म्हणजे कोन बदलला की रंग बदलणारा धातूचा पातळ थर दिलेल्या काचेला, शोभतं. बाकी कामाला पांढरं किंवा फिकं राखाडी, तेही काचेपासून हातभर मागे.

भरीव गोळे, पेपरवेट आणि मोठ्या भिंगासारख्या वस्तू कधीही थेट उन्हात ठेवू नका. त्या सूर्यकिरण एका बिंदूवर आणतात, त्यानं कापड किंवा कागद पेटू शकतो. हे प्रत्येक गिऱ्हाइकालाही सांगायचं आणि सोबतच्या चिठ्ठीवर लिहायचं.

टांगणं

आधी वजन काढा. ३ मिमी जाडीच्या काचेचं वजन दर चौरस मीटरला सुमारे ७.५ किलो, ६ मिमीचं १५ किलो. म्हणजे ४० गुणिले ६० सेंमीचा ६ मिमी जाड तुकडा साडेतीन किलोच्या वर जातो. हूक, तार आणि भिंतीतला स्क्रू यांतला प्रत्येक किमान चौपट वजन पेलणारा हवा.

तांब्याच्या पट्टीनं जोडलेल्या कामात कडी नुसत्या बाहेरच्या कडेला डाखली तर वजनानं पट्टी काचेपासून सोलून निघते. कडी जिथे आतली डाखाची रेघ कडेला मिळते तिथे, रेघेत उतरेल अशी जोडा. मोठ्या कामाला जस्ताची चौकट करा आणि कड्या तिच्या कोपऱ्यांजवळ लावा. नायलॉनची मासेमारीची दोरी स्वस्त आणि अदृश्य असली तरी उन्हात कमजोर होते, तिच्या गाठीही सरकतात. बारीक साखळी किंवा पिळाची स्टीलची तार वापरा. खिडकीच्या काचेवर चिकटणारे रबरी चोषक कितीही सोयीचे वाटले तरी टाळा. थंडी-उन्हात त्यांची पकड सुटते, आणि बहुधा रात्री, कुणी जवळ नसताना.

भिंतीवरच्या कामाचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवा. उघड्यावर टांगलेल्या वस्तूंमध्ये इतकं अंतर हवं की वाऱ्यानं झुलल्या तरी एकमेकींवर आदळणार नाहीत.

गाळा

उघड्यावर ३ बाय ३ मीटरचा मंडप असेल तर प्रत्येक पायाला किमान २० किलो वजन बांधा आणि वारा वाढला की काच आधी उतरवा, मंडप नंतर. टेबलाचं कापड जमिनीवर लोळू देऊ नका: पाय अडकून ते ओढलं गेलं की वरची सगळी मांडणी खाली येते. कापडाखाली जाळीदार रबरी चटई घाला, फळ्यांना पुढून सेंटिमीटरभर उंच कड ठोका. वस्तू चिकटवून ठेवायचं मेण उन्हात मऊ पडतं, त्याच्यावर बाहेर विसंबू नका.

हात लावायची भीती घालवायला पुढे चार-पाच जाड, गुळगुळीत वस्तू ठेवा आणि पाटी लावा: "उचलून बघा". "हात लावू नये" अशी पाटी एकाच ठिकाणी, मागच्या नाजूक कामापाशी. एकदा हातात वजन जाणवलं की किमतीबद्दलची कुरकुर कमी होते. लहान मुलांच्या उंचीच्या फळीवर कडा गोल केलेल्याच वस्तू असाव्यात.

काही फुटलं तर कुणालाही हातानं उचलू देऊ नका. जाड हातमोजे, झाडू-सुपली, बारीक किरच्यांसाठी ओला कागद आणि जाड पुठ्ठ्याचा खोका गाळ्याखाली कायम असू द्या.

किंमत आणि कमिशन

साहित्य, भट्टीची वीज, तुमचे तास, जागेचं भाडं आणि फुटतूट, हे सगळं किमतीत यायला हवं. वीज अंदाजानं धरू नका, एका भट्टीआधी आणि नंतर मीटर वाचा. दहातली एक वस्तू बिघडत असेल तर दहांचा खर्च नऊंवर वाटा.

कमिशनच्या हिशोबात फार जण चुकतात. तुमच्या हातात ६०० यायला हवेत आणि गॅलरी ४० टक्के घेते, म्हणून किंमत ८४० लावली तर गॅलरी ३३६ घेईल आणि तुम्हाला ५०४ मिळतील. बरोबर रीत म्हणजे ६०० ला ०.६ नं भागणं, किंमत १०००. तीच किंमत तुमच्या गाळ्यावरही ठेवा. गॅलरीत पाहिलेली वस्तू तुमच्याकडे स्वस्त मिळते हे कळलं की गॅलरी तुम्हाला पुन्हा बोलावणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल.

विक्रीसाठी वस्तू ठेवून येताना प्रत्येकीचा क्रमांक, छायाचित्र, किंमत, फुटली तर भरपाई कुणाची, पैसे किती दिवसांत आणि उरलेलं काम कधी परत, हे लिहून दोघांची सही घ्या.

बांधून देणं

काचेचा पत्रा किंवा चित्र नेहमी उभं न्यायचं, आडवं कधीच नाही. आडव्या काचेला खड्ड्यातला प्रत्येक धक्का मधोमध बसतो. आधी मऊ कागद, मग बबल रॅपचे दोन वेढे, कोपऱ्यांवर पुठ्ठा आणि खोक्याच्या चारही बाजूंना ५ सेंमी भरण. भरल्यावर खोका हलवा: आत काही सरकल्याचं जाणवलं तर पुन्हा भरा. चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेवलं की घरी सोडवताना सुरी वापरावी लागत नाही.

आत निगेची चिठ्ठी घाला. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर नको, गरम भांडं वर ठेवू नये, पुसताना मऊ ओलं कापड. रंगवलेला किंवा इंद्रधनुषी मुलामा दिलेला पृष्ठभाग अन्नाला लागणार असेल तर "फक्त शोभेसाठी" असं ठळक लिहा.