दौऱ्यापूर्वी इनपुट यादी आणि मंचाचा आराखडा पाठवा

छोट्या बँडच्या दौऱ्यात प्रत्येक ठिकाणची ध्वनियंत्रणा वेगळी असल्याने, इनपुट यादी आणि मंचाचा आराखडा ही दोन पाने तेथील ध्वनितंत्रज्ञाकडे आगाऊ पाठवावीत. यादीत चॅनेलचा (मिक्सरवरील प्रत्येक आवाजाच्या स्वतंत्र मार्गाचा) क्रमांक, वाद्य, माईक किंवा डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी छोटी पेटी), स्टँडची उंची आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर (मिक्सरकडून केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) कोणत्या चॅनेलला हवी, हे नमूद करावे, कारण बहुतेक कंडेन्सर प्रकारचे माईक तिच्याशिवाय चालतच नाहीत. आराखड्यात वादकांच्या जागा, मॉनिटर (वादकांना स्वतःचे वादन ऐकू यावे म्हणून ठेवलेले स्पीकर) आणि वीजजोडणीची ठिकाणे दाखवावीत. मंचाची डावी बाजू म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या वादकाची डावी बाजू, हा संकेत पाळला नाही, तर सगळी मांडणी उलटी होते आणि ती बदलण्यात साउंडचेकचा वेळ जातो. दोन्ही पानांवर तारीख घालावी. जुनी यादी हाती पडणे हे यादी नसण्यापेक्षाही त्रासदायक ठरते, असे माझे मत आहे. सभागृहात पोहोचल्यावर, वादकांना मंचावर बोलावण्याआधीच, यादीच्या क्रमाने एकेका चॅनेलला आवाज येतो का, हे तपासून घ्यावे, म्हणजे सदोष केबल लगेच सापडते. थोड्या जादा केबल मात्र स्वतःच्याच सामानात ठेवाव्यात.